भंडारा जिल्ह्यातील पाण्याने वेढली जाणारी गावे

भंडारा जिल्ह्यात वैनगंगा व तिच्या उपनद्यांच्या काठावर वसलेल्या काही गावांचा पावसाळ्यात उर्वरित जिल्ह्याशी असलेला रस्तेसंपर्क तुटतो, तर काही गावांच्या भोवती गोसीखुर्द जलाशयाचे पाणी वर्षातील बराच काळ पसरलेले असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जिल्ह्यात त्यामुळे बेटावरील जीवनाशी साम्य असलेली परिस्थिती निर्माण होते. या गावांना ग्रामपंचायत, तलाठी, शाळा, स्वस्त धान्य दुकान अशी सर्वसाधारण यंत्रणा लागू आहे. मात्र गावाभोवतीच्या पाण्याविषयीचे निर्णय गावाबाहेर होतात. जगातील खऱ्या दुर्गम बेटांच्या कारभाराशी तुलना करता हाच फरक सर्वांत ठळकपणे दिसून येतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

वैनगंगा नदी मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. सिवनी व बालाघाट जिल्ह्यांतून वाहत ती महाराष्ट्रात प्रवेश करते व भंडारा जिल्ह्यातून उत्तर-दक्षिण वाहते. बावनथडी, सूर, कन्हान व चुलबंद या नद्या तिला मिळतात. पुढे वर्धा नदीशी संगम झाल्यावर तिला प्राणहिता हे नाव मिळते आणि प्राणहिता गोदावरीस मिळते.

भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांच्या आसपास असून जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धान हे येथील मुख्य पीक होय. मालगुजारी तलाव व बोड्या यांच्या मोठ्या संख्येमुळे भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पाणी ही येथे नवी गोष्ट नाही. पाण्यावर नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न मात्र मोठ्या धरणांनंतर नव्या स्वरूपात पुढे आला.

पाणवेढ्याचे दोन प्रकार

जिल्ह्यातील गावे दोन भिन्न कारणांनी पाण्याने वेढली जातात. पहिला प्रकार हंगामी आहे. लाखांदूर तालुक्यात चुलबंद नदी वैनगंगेस मिळते. या संगमालगतच्या आवळीसारख्या गावांना पूर आला की दोन्ही नद्यांचे पाणी वेढते. रपटे व कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात आणि पलीकडे जाण्यासाठी डोंग्याचा आधार घ्यावा लागतो. पूर ओसरला की रस्ता पुन्हा सुरू होतो.

दुसरा प्रकार जलाशयामुळे निर्माण झालेला आहे. गोसीखुर्द धरणाच्या वरच्या बाजूस नदीचे पात्र रुंदावले असून ओढे व नाले यांच्या मुखांतून पाणी आत शिरते. जलाशयाची पातळी वाढली की गाव कोरडे राहिले तरी शेताकडे जाणारी वाट पाण्याखाली जाऊ शकते. येथे पाण्याचे चढणे-उतरणे पावसाबरोबरच धरणाच्या दारांवरही अवलंबून असते.

एकच धरण या दोन्ही प्रकारांना जोडते. धरणाच्या वरील गावांना साठवलेल्या पाण्याची, तर खालील लाखांदूर तालुक्यातील गावांना सोडलेल्या पाण्याची चिंता असते.

गोसीखुर्द प्रकल्प

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. इंदिरा सागर असे नाव असलेल्या या प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. सुधारित खर्च १८ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्रास सिंचन देणे हे प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. धरणाची लांबी ११ किलोमीटरपेक्षा अधिक असून त्याला ३३ दारे आहेत. प्रकल्पाचे काम विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे आणि त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा देण्यात आला आहे.

जलाशयाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. भंडारा शहराजवळील कारधा येथील पुलावर वैनगंगेची पातळी मोजली जाते. तेथील धोक्याची पातळीही २४५.५० मीटर हीच मानली जाते. जलाशय पूर्ण भरल्यावर त्याचा फुगवटा थेट जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत कसा पोहोचतो, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते. त्यामुळे पुनर्वसनाचे काम जसजसे पुढे सरकले, तसतशी जलाशयाची पातळी टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

दैनंदिन जीवन

वेढलेल्या गावातील दैनंदिन व्यवहार पाण्याच्या पातळीशी बांधलेले असतात. माध्यमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, बँक व बाजार बहुधा दुसऱ्या गावी असतात. संपर्क तुटल्यास विद्यार्थ्यांची शाळा बुडते, दूध व भाजीपाला बाजारापर्यंत पोहोचत नाही, आणि रुग्ण किंवा गरोदर स्त्रीला हलविणे हा जिवावरचा प्रसंग ठरू शकतो. धानाची रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये होत असल्याने शेताकडे जाण्याची सर्वाधिक गरज आणि वाट बंद होण्याची सर्वाधिक शक्यता एकाच वेळी येते.

नदीवर उपजीविका असलेल्या ढिवर समाजाचे स्थान या परिसरात महत्त्वाचे आहे. मासेमारी व नाव चालविणे हे या समाजाचे पारंपरिक व्यवसाय होत. वाहत्या नदीतील मासेमारीचे जाळे, नाव व कौशल्य खोल आणि विस्तीर्ण जलाशयात तसेच्या तसे उपयोगी पडत नाही. जलाशयातील मासेमारी परवान्यांच्या व सहकारी संस्थांच्या चौकटीत चालत असल्याने नदीवरील जुना वहिवाटीचा हक्क कागदोपत्री हक्कात बदलून घ्यावा लागतो.

नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेस मिळत असल्याने जलाशयाच्या पाण्याची गुणवत्ता हाही वादाचा विषय आहे. भंडारा शहराजवळ साचलेल्या पाण्यावर जलपर्णीची वाढ झाल्याचे वारंवार दिसून आले आहे. चारही बाजूंस पाणी असताना पिण्याच्या पाण्याची चिंता, हा समुद्री बेटांवरील अनुभव येथे गोड्या पाण्याच्या बाबतीत येतो.

स्थानिक प्रशासन

लहान गावाचा कारभार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. दीड हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात ही संख्या सात असते. फारच लहान गावे एकत्र करून गटग्रामपंचायत स्थापन केली जाते. अशा वेळी वेढलेल्या गावाचा सरपंच नदीपलीकडील गावचा असू शकतो आणि ग्रामसभाही पलीकडे भरू शकते. एक तलाठी व एक ग्रामसेवक यांच्याकडे अनेकदा एकापेक्षा अधिक गावे असतात. पूर आलेल्या दिवशी गावात हमखास उपस्थित असणारे शासनाचे प्रतिनिधी म्हणजे बहुधा पोलीस पाटील, कोतवाल, आशा सेविका व अंगणवाडी सेविका.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. धरणाची दारे उघडण्याचा निर्णय जलसंपदा विभाग घेतो. पूल व रस्ते सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेकडे, भूसंपादन महसूल विभागाकडे आणि मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते. परिणामी गावाच्या अस्तित्वाशी निगडित बहुतेक बाबी ग्रामपंचायतीच्या अधिकारकक्षेबाहेर राहतात. ग्रामसभा ठराव करू शकते. पण तो ठराव पाण्याला वा दारांना बंधनकारक नसतो. निधीही मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात मिळत असल्याने, सर्वाधिक अडचणीच्या लहान गावास सर्वांत कमी रक्कम मिळते.

शेजारील गडचिरोली जिल्ह्याशी येथे महत्त्वाचा भेद आहे. भामरागड व परिसरातील गावे पर्लकोटा नदीच्या पुरामुळे दरवर्षी तुटतात, हे तेथील प्रशासनाने गृहीत धरले आहे. दुर्गम गावांत पावसाळ्यापूर्वीच काही महिन्यांचे धान्य पोहोचविले जाते आणि गरोदर स्त्रियांना प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्रालगतच्या माहेरघरात आणण्याची योजना आहे. भंडारा जिल्हा मात्र मैदानी व दळणवळणाने जोडलेला मानला जातो. त्यामुळे तेथील तुटलेपणाकडे दरवर्षीची स्थिती म्हणून न पाहता अपवादात्मक आपत्ती म्हणून पाहण्याकडे कल राहिला आहे.

ऑगस्ट २०२० चा पूर

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात झालेल्या अतिवृष्टीनंतर सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरासह वरच्या भागातील धरणांतून मोठा विसर्ग झाला आणि वैनगंगेस महापूर आला. भंडारा शहराच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. नदीकाठच्या गावांतून लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतही मोठे नुकसान झाले.

या पुराने दोन त्रुटी उघड केल्या. पहिली आंतरराज्य समन्वयाची होती: वरच्या राज्यातील विसर्गाची सूचना खालच्या गावापर्यंत किती वेळात पोहोचते, यावर घर रिकामे करण्यासाठी मिळणारा अवधी अवलंबून असतो. दुसरी त्रुटी सूचनेच्या भाषेची होती. विसर्ग घनमीटर प्रतिसेकंद या एककात सांगितला जातो. आपल्या गावचा रपटा कधी बुडेल आणि कोणत्या गल्लीपर्यंत पाणी येईल, हे त्यातून ग्रामस्थास कळत नाही.

पुनर्वसनाचा प्रश्न

गोसीखुर्द प्रकल्पात नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मिळून ८५ गावे पूर्णतः बाधित ठरली. महाराष्ट्राने १९७६ मध्येच प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला होता. १९८६ व १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. नव्या गावठाणात रस्ते, पाणीपुरवठा, शाळा, स्मशानभूमी इत्यादी १८ नागरी सुविधा देणे अपेक्षित असते. दीर्घ आंदोलनांनंतर २०१३ मध्ये राज्य शासनाने गोसीखुर्द प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले.

पुनर्वसनातील सर्वांत गुंतागुंतीचा काळ स्थलांतराच्या मधला असतो. काही कुटुंबे नव्या गावठाणात जातात, काही मोबदल्याच्या वा भूखंडाच्या वादामुळे जुन्या गावात राहतात. शाळा, वीज व स्वस्त धान्य दुकान यांसारख्या सेवा हळूहळू नव्या ठिकाणी सरकतात. जुन्या गावात उरलेल्यांची संख्या जितकी कमी, तितकी त्यांच्यासाठी सेवा चालू ठेवणे प्रशासनास अनावश्यक वाटू लागते. दुसरीकडे, फुगवट्यामुळे अडचणीत आलेली पण सर्वेक्षणात पूर्ण बाधित न ठरलेली गावे पुनर्वसनाची मागणी करीत राहतात. तलांक रेषेच्या आत येणारे घर बाधित ठरते. त्याच घराला जोडणारा रस्ता बुडाला तरी रेषेबाहेरचे घर बाधित ठरत नाही.

पॅसिफिकमधील लहान बेटांशी तुलना

अतिशय लहान व दुर्गम वसाहतीचा कारभार कसा चालावा, या प्रश्नाची दोन परिचित उदाहरणे पॅसिफिक महासागरात आढळतात. टोकेलाऊ हा न्यू झीलंडच्या अधिपत्याखालील प्रदेश आताफू, नुकुनोनू व फाकाओफो या तीन प्रवाळबेटांचा आहे. एकूण लोकसंख्या सुमारे दीड हजार, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीएवढी आहे. तेथे विमानतळ नाही. सामोआतील आपियाहून बोटीने जावे लागते. प्रत्येक बेटाचा कारभार तौपुलेगा ही ग्रामपरिषद पाहते. शाळा व आरोग्यसेवेसह गावातील सार्वजनिक सेवा तिच्या अखत्यारीत आहेत. प्रदेशाचे प्रमुखपद दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जाते. अधिक स्वायत्ततेसाठी २००६ व २००७ मध्ये सार्वमत घेण्यात आले. दोन्ही वेळा बहुमत अनुकूल असूनही आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत, आणि आहे तीच व्यवस्था कायम राहिली.

पिटकेर्न या ब्रिटिश प्रदेशाची लोकसंख्या पन्नासच्या आसपास आहे. राज्यपाल न्यू झीलंडमध्ये राहतात. बेटावर निर्वाचित महापौर व परिषद असते. पुनर्वसनाच्या दृष्टीने या बेटाचा इतिहास उद्बोधक आहे. बेट अपुरे पडू लागल्याने १८५६ मध्ये तेथील सर्व रहिवाशांना नॉरफोक बेटावर हलविण्यात आले. नवे बेट मोठे व सुपीक असूनही काही कुटुंबे १८५९ व १८६४ मध्ये परतली. आजचे पिटकेर्न त्या परतलेल्यांमुळे वसलेले आहे. भंडाऱ्यातील बुडीत गावांना असा परतीचा मार्ग नसतो. म्हणून स्थलांतरापूर्वीच्या निर्णयाचे महत्त्व येथे अधिक आहे.

या तुलनेला मर्यादा आहेत. टोकेलाऊ व पिटकेर्न यांचा खर्च मोठ्या प्रमाणात अनुक्रमे न्यू झीलंड व ब्रिटनच्या साहाय्यावर चालतो, आणि तेथील भोवतालचे पाणी मानवनिर्मित नाही. भंडारा जिल्ह्यातील गावांना राज्य व केंद्राच्या निवडणुकांत पूर्ण मताधिकार आहे. पॅसिफिकमधील हे दोन्ही प्रदेश मात्र संयुक्त राष्ट्रांच्या अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत आहेत.

मूल्यमापन

अलीकडच्या काळात काही ठिकाणी संपर्क सुधारला आहे. अंभोरा येथील संगमावरील केबल-स्टेड पुलामुळे भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील कुही परिसर थेट जोडला गेला. गोसीखुर्द जलाशयावर जलपर्यटन विकसित करण्याचा प्रकल्पही राज्य शासनाने हाती घेतला आहे. पर्यटकांसाठी नौका, धक्के व सुरक्षा व्यवस्था उभी राहत असताना त्याच पाण्याने वेढलेल्या गावांसाठी कायमस्वरूपी नौकासेवा हा विषय त्या योजनेचा भाग व्हावा की नाही, हा धोरणात्मक प्रश्न आहे.

पूल, संरक्षक भिंती व पुनर्वसन ही खर्चिक व दीर्घकालीन कामे होत. त्या तुलनेत काही उपाय प्रशासकीय स्वरूपाचे आहेत: दरवर्षी तुटणाऱ्या गावांची अधिकृत यादी, गडचिरोलीप्रमाणे पावसाळापूर्व धान्य व आरोग्य नियोजन, रपट्याच्या उंचीशी जोडलेली पूरसूचना, आणि दारे उघडण्याच्या वेळापत्रकाची ग्रामपंचायतीस थेट माहिती. टोकेलाऊच्या अनुभवावरून असे दिसते की दीड हजार लोकांची वस्ती आपला कारभार स्वतः पाहू शकते. त्यासाठी तिचा आकार नव्हे, तर तिच्याकडे सोपविलेले अधिकार निर्णायक ठरतात. भंडारा जिल्ह्यातील पाण्याने वेढल्या जाणाऱ्या गावांचा प्रश्न त्या अर्थाने अंतराचा कमी आणि अधिकारवाटपाचा अधिक आहे.