पुडीत औषध नेमके किती?

परवा एक गृहस्थ आले. रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून महिनाभर सर्पगंधेची पूड घेत होते, तीही चिमटीच्या मापाने. "झाडपाल्याने काय अपाय होणार, डॉक्टर?" पण मन उदास, आणि रक्तदाब चढलेलाच!

सर्पगंधेला मी नावे ठेवत नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे त्याच्या रेणूत कोणता अणू कोठे, कोणत्या बाजूला वळलेला, हे उलगडले. (१९५६ साली वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बनवले, तेव्हा आधी हाती आले ते एका ठिकाणी उलट्या वळणाचे. अणू तेच, पदार्थ निराळा!) अशी ओळख पटली म्हणूनच पुडीत रेसर्पिन किती, हे आज मोजता येते. त्याची रोजची मात्रा साधारण पाव मिलिग्रॅमपर्यंत. जास्त झाले तर नैराश्य येऊ शकते. चिमटीला हे कसे कळावे? प्रत्येक मुळात प्रमाण निराळे. विकणाऱ्याने ते पुडीवर छापलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या गृहस्थांची पूड मी थांबवली आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.