विश्लेषण : स्वस्त कापडाची गोधडी खरेच स्वस्त पडते का?

दिवाळी आटोपली आणि वऱ्हाडातल्या रात्री गार पडू लागल्या, की घरोघरी गोधडीची आठवण होते. चांदूर रेल्वे, धामणगाव, तिवसा अशा तालुक्याच्या गावांत आता त्यासाठी पेटीतली जुनी लुगडी शोधण्यापेक्षा सवलतीच्या दुकानातून कटपीस किंवा किलोवर मिळणारे छापील कापड आणणे सोपे वाटते. ‘कॉटनच आहे ताई’ एवढ्या शब्दावर सहा-सात मीटर कापड पिशवीत पडते. महिनाभर टाके घालून गोधडी तयार होते आणि दुसऱ्या धुण्यात लाल रंग पांढऱ्या तुकड्यांवर उतरतो, कडा आक्रसतात, मधल्या भागाला फुगे येतात. बोल मात्र शिवणाऱ्या बाईच्या हाताला लागतो. खरी चूक कापड घेतानाच झालेली असते.

पूर्वी हा प्रश्न का पडत नव्हता?

गोधडीला नवे कापड वापरायची पद्धतच नव्हती. दहा वर्षे नेसलेले सुती लुगडे, धोतर, फाटका सदरा यांची ती बनायची. हे कापड शेकडो वेळा धुतलेले असे. जेवढे आटायचे तेवढे आटलेले, जेवढा रंग जायचा तेवढा गेलेला. जे सूत कच्चे होते ते आधीच विरलेले, उरलेले पक्के. म्हणजे कापडाची परीक्षा वापरातच होऊन जात असे, ती कोणाला वेगळी घ्यावी लागत नव्हती. आता घरातल्या बहुतेक साड्या पॉलिस्टरच्या आहेत. त्यांची गोधडी घसरते, टाका धरत नाही. म्हणून मीटरवरचे नवे कापड आले आणि जुन्या लुगड्याने दहा वर्षांत केलेले काम आता दुकानात दहा मिनिटांत करावे लागते.

कापूस पिकवणाऱ्या मुलखात ही वेळ यावी, हे थोडे विचित्रच. चांदूरवरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस त्यावरूनच मुंबईला जाऊ लागला. आज त्याच गावात ‘कॉटन’ म्हणून जे घेतले जाते, त्यात कापूस किती हे घेणाऱ्याला ठाऊक नसते.

लेबल पाहून चालत नाही का?

पाहायला लेबल हवे ना! वस्त्र आयुक्तांच्या १९८८ च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार उत्पादकाने कापडावर स्वतःचे नाव आणि धाग्यांची माहिती छापणे अपेक्षित आहे. पण हा शिक्का ताग्याच्या टोकाला असतो. कटपीस आणि किलोवर विकला जाणारा माल म्हणजे मधले तुकडे. ज्याला माहितीची सर्वाधिक गरज, त्याच गिऱ्हाइकापर्यंत ती पोहोचत नाही. त्यात बाजारातली नावे दिशाभूल करणारी. अस्तराचे ‘रोटो’ सुती दिसते, पण ते पॉलिस्टर असते. ‘ग्लेस कॉटन’ या नावाने मिळणाऱ्या अनेक चादरींतही कापूस नसतो. दुकानदाराला खरेच माहीत नसेल, तर त्याने कॉटन म्हणू नये आणि माहीत असेल तर बिलावर लिहून द्यावे. एवढी अपेक्षा तालुक्याच्या गावातही जास्त नाही.

मग दुकानात उभ्या उभ्या काय पाहावे?

सर्वांत आधी कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून कपडे चोळतो तसा जोरात चोळावा. हाताला पांढरी भुकटी लागली, कडक कापड एकदम लुळे पडले, तर तो कडकपणा सुताचा नसून खळीचा होता. खळ हा स्वस्त कापडाचा मेकअप आहे. विरळ विणीची भोके ती बुजवते. किलोवर घेताना तर तिचे पैसेही मोजावे लागतात आणि पहिल्याच धुण्यात ती मोरीतून वाहून जाते.

चोळलेला तोच कोपरा मग मोबाइलच्या टॉर्चसमोर धरावा. चाळणीसारखा उजेड आला तर वीण विरळ आहे, टाके ओढल्यावर धागे सरकणार. मोजायची हौस असेल तर कापडावर पट्टी ठेवून कॅमेऱ्याने मोठे करून धागे मोजता येतात. गोधडीकामासाठी परदेशात विकल्या जाणाऱ्या चांगल्या सुती कापडात इंचाला उभे-आडवे प्रत्येकी साधारण ६० ते ७५ धागे असतात. जास्त धागे म्हणजे जास्त चांगले, असे मात्र नाही. फार दाट विणीच्या चादरीत हाताची सुई शिरत नाही आणि बोटे सोलून निघतात.

वजनाचा काटा दुकानात असतोच, त्याचा उपयोग करून घ्यावा. ४४ इंच पन्ह्याचे एक मीटर कापड दीडशे ग्रॅमच्या आसपास भरले तर ते गोधडीला पुरेसे जाड. शंभराच्या खाली गेले तर फक्त अस्तराच्या लायकीचे. किलोचा भाव ऐकून भुलण्याआधी किलोत किती मीटर येतात हे विचारावे. जाड कापड सहा-साडेसहा मीटर भरेल, झिरझिरीत दहा मीटर. दहा मीटर ऐकून फायदा झाल्यासारखे वाटते, तिथेच फसगत होते.

छपाईवर नखाने रेघ ओढावी. पांढरा ओरखडा उठला तर रंग वरवर बसवलेला आहे. ओला पांढरा रुमाल घासून पाहिला की कच्चा रंग लगेच उतरतो. गडद लाल, मरून आणि काळ्यावर ही परीक्षा चुकवू नये. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, हा सल्ला घरोघरी मिळतो. पण कारखान्यात न बसलेला रंग घरच्या मिठाने बसत नाही. फार तर सुटा रंग निघून जातो आणि ते काम साधे पाणीही करते.

जाळून पाहिले तर कळते का?

कळते, पण अर्धेच. चार धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राखाडी, मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि काळा कडक मणी बनतो. मिश्र कापडात राख आणि मणी दोन्ही सापडतात. घोळ होतो तो व्हिस्कोस म्हणजे रेयॉनचा, कारण तेही कागदासारखेच जळते. त्यासाठी एक लांब धागा मध्यभागी ओला करून ओढावा. ओल्या जागी पटकन तुटला तर व्हिस्कोस. सूत ओले झाले की उलट बळकट होते. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची युक्ती फारशी भरवशाची नाही, खळ किंवा फिनिश असेल तर अस्सल सुतावरही थेंब तसाच बसून राहतो.

पॉलिस्टर वाईटच असते, असेही नाही. ते लवकर वाळते, आटत नाही, रंगही टिकवते. बैठकीवर टाकायच्या गोधडीला चालून जाईल. अडचण मिसळण्याची आहे. एकाच गोधडीत सुती तुकडा आटतो, शेजारचा पॉलिस्टरचा आटत नाही, आणि मग ते फुगे येतात. लहान मुलांच्या दुपट्याला मात्र ते टाळलेलेच बरे. शेकोटीजवळ ठिणगी उडाली तर वितळलेले पॉलिस्टर कातडीला चिकटते.

पैशांचा हिशेब काय सांगतो?

सात फूट बाय पाच फुटांच्या गोधडीला दोन्ही बाजू धरून ४४ इंच पन्ह्याचे साधारण सहा मीटर कापड लागते. समजा स्वस्त कापड ५० रुपये मीटर आणि बरे कापड ९० रुपये मीटर. फरक २४० रुपयांचा. टाके घालायला रोज तीन तास धरले तरी महिना जातो. बचत गटाच्या बाया गोधडी शिवून विकतात, तिथे ही मजुरी मुळातच कमी पडते. गोधडी परत आली तर कापड गेलेच, महिन्याची मेहनतही गेली, आणि पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक येईलच याचा भरवसा नाही. २४० रुपये वाचवायला ही जोखीम फार मोठी आहे.

त्यापेक्षा आधी पाव मीटरच घ्यावे. त्यावर पेनने २० सेंटिमीटरचा चौकोन आखावा, गरम पाण्यात तासभर भिजवून उन्हात वाळवावा आणि पुन्हा मोजावे. बाजू एक सेंटिमीटरने कमी भरली तर पाच टक्के आटले. सात फुटांच्या गोधडीत ते जवळपास अर्धी वीत होते. असे कापड बाद करायची गरज नाही, शिवण्याआधी सगळेच धुऊन आटवून घेतले की झाले. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत तोच छाप संपून जाण्याची भीती खरी आहे. सवलतीच्या दुकानात आलेला तागा परत येत नाही, आणि दुकानदार नेमका त्याच भीतीवर माल खपवतो.