मुहूर्त ११.४७ चा, लग्न दीड वाजता

एप्रिल-मे महिन्यात पातूरमधल्या डॉक्टरला लग्नाच्या तारखा पंचांगात पाहाव्या लागत नाहीत. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान दवाखान्यासमोर गाडी थांबते, फेटा बांधलेल्या किंवा शालू नेसलेल्या कोणाला तरी धरून उतरवतात, आणि सोबतचा माणूस म्हणतो, "डॉक्टरसाहेब, लवकर एक सलाईन लावून द्या, तिकडं लगन खोळंबलं हाये." कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. नजर लागली, धावपळ झाली, पाणी बदललं. मी स्पष्टच लिहितो: यातले बहुतेक पेशंट नजरेने नाही, तुमच्या वेळापत्रकाने आजारी पडतात.

पत्रिकेवर मुहूर्त असतो ११ वाजून ४७ मिनिटांचा. अकराला वरात निघते. डीजेसमोर नवरदेवाचे मित्र नाचतात, मग मामा नाचतात, मग मित्र पुन्हा नाचतात. मंगलाष्टकं सुरू होतात दीड वाजता आणि शेवटची पंगत उठते साडेचारला. म्हणजे मुहूर्त कधीच टळलेला असतो आणि त्याबद्दल कोणालाच खंत नसते. पण "लग्न सकाळी नऊला ठेवा" म्हटलं की लगेच मुहूर्ताची आठवण होते. जो मुहूर्त नाचण्यासाठी पावणेदोन तास थांबू शकतो, तो माणसाच्या जिवासाठी दोन तास आधी का येऊ शकत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे. आणि पंचांगच मानायचं तर आपल्याच परंपरेत गोरज मुहूर्तही आहे, दिवेलागणीचा. तो आठवत नाही.

या उशिराची सगळ्यात मोठी किंमत वधूपिता मोजतो. मागे एका लग्नातून असेच एक गृहस्थ माझ्याकडे आणले. घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. पाहुण्यांत कुजबूज होती की 'घेतली' असावी. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस! त्यांची शुगर निघाली ४१. रोजच्या शिस्तीने सकाळी आठला मधुमेहाची गोळी घेतली होती आणि कन्यादानापर्यंत उपास धरला होता. कन्यादान पुढे ढकललं गेलं, उपास लांबला, गोळी मात्र आपलं काम वेळेवर करत राहिली. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि जेवणाआधीचं इन्सुलिन हे जेवणाच्या हिशेबाने चालतात, मुहूर्ताच्या नाही. जेवण नसेल तर ते डोस तसेच घ्यायचे नसतात. लग्नाच्या आठ दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटून त्या दिवसाचं वेळापत्रक सांगा, ते डोस बदलून देतील. घाम, थरथर, चिडचिड दिसली आणि माणूस शुद्धीत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

नवरीचं तेच. पहाटे चारला उठवलेली, हाताला मेंदी, अंगावर भरजरी शालू, केसांत वीस पिना. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा पीत नाही. मग हार घालताना ती कोसळते आणि मंडप गोळा होऊन वारा अडवतो. अशा वेळी तिला उभी धरू नका, खुर्चीवर बसवू नका. आडवी करा, पाय उंच करा, गर्दी हटवा, दोन-तीन मिनिटांत बहुतेक शुद्धीवर येतात. आली नाही, तर नुसती चक्कर समजून थांबू नका. पण खरा उपाय सकाळी सातचा आहे: पोहे, केळं, ग्लासभर ताक, आणि दर तासाला कोणीतरी हाताने पाजलेलं पाणी. उपाशी नवरीने कोणत्या देवाला आनंद होतो, हे मला कळलेलं नाही. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही मेडिकलमधून परस्पर आणू नका. रक्ताच्या गाठीचा त्रास झालेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या मुलीला त्या धोक्याच्या ठरू शकतात.

आता जेवण. स्वयंपाक पहाटे होतो आणि पंगत लांबते. अनुकूल वातावरणात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे चार तासांत एकाचे चार हजारांवर. अन्नासाठी ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानतात. आमच्याकडचा मे महिन्याचा ४४ अंशांचा मंडप हा या पट्ट्याच्या ऐन मध्यात आहे. पनीर, बासुंदी, खव्याची मिठाई यांना तो मानवणारच नाही. "पुन्हा उकळलं होतं" असं आचारी सांगतो. पण काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत पंगतच्या पंगत उलट्या करू लागते ती यामुळे. त्यापेक्षा आपली बुंदी, वरण-पोळी आणि गरम वांग्याची भाजी कितीतरी सुरक्षित. मठ्ठ्यातल्या बर्फाकडेही बघा. खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवण्याचा नियम राज्यात २०१८ मध्ये आला. निळी लादी दिसली तर ती मठ्ठ्यात जाऊ देऊ नका. पांढरी असली तरी कुठल्या पाण्याची, ते विचारा.

आणि ऊन. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं, दिवसाच्या खासगी शिकवण्या बंद कराव्या लागल्या. पोरांची शिकवणी बंद, आजोबांची वरात चालू! १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर दुपारच्या समारंभानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली, आणि तिथला पारा आपल्यापेक्षा कितीतरी कमी होता. उन्हात माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला-काखेत-जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. खिशातल्या कांद्यानेही नाही.

माझ्या या बोलण्यावर लोक एक रास्त अडचण सांगतात. संध्याकाळी लग्न लावलं तर खेड्यापाड्यातले पाहुणे रात्री परतणार कसे? घाटातून अंधारात गाड्या काढणं मलाही नको वाटतं. म्हणूनच मी सकाळ म्हणतो. नऊला लग्न, साडेदहाला पहिली पंगत, दुपारी पाहुणे सावलीत. नाचायचं असेल तर आदल्या संध्याकाळी नाचा, दहाच्या आत, कायद्यानेही तेवढीच मुभा आहे.

ज्यांच्या पत्रिका छापून झाल्या आहेत, त्यांनी निदान एवढं करा. पत्रिकेत खाली व्यवस्थापक म्हणून वीस-पंचवीस नावं असतात. त्यातल्या एकाला आहेर आणि फटाक्यांतून मोकळं करा, आणि त्याच्याकडे दोनच कामं द्या: नवरीचं पाणी आणि वधूपित्याचं जेवण.