स्टिकर एमपीपीटीचं, माल पीडब्ल्यूएमचा!

राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं. आता आपल्याकडंही गाड्यांवर सोलर चढतंय. पण चार्ज कंट्रोलर कोण तपासतं?

मी माझ्या गाडीसाठी ‘एमपीपीटी’ म्हणून घेतला. उघडला तर आत कॉइलच नाही! साधा पीडब्ल्यूएम. तो १८ व्होल्टचं पॅनल बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढतो. पाव वीज वाया. घराच्या छतावरचं ३० व्होल्टचं पॅनल लावलं, तर निम्म्याहून जास्त जाते.

पीडब्ल्यूएम वाईट नाही, छोट्या पॅनलला पुरतो. वाईट आहे ती लबाडी. दुकानदार म्हणतो, “दादा, सगळे हाच नेतात.” नेतात, कारण कुणी विचारत नाही!

बिलावर प्रकार लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्याच बाजूनं आहे. मी तक्रार करतोय. तुम्ही?