रविवारच्या सकाळची वाटणी

पुण्यात रविवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात शनिवारचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसात. दोन्हीकडे सवड असते अशी आठवड्यातली बहुधा हीच वेळ. मग फोन लागतो, ‘काय रे, आहेस कुठे?’ने सुरुवात होते आणि इकडे पोहे गार होतात. एवढी हाती आलेली सकाळ हजारो मैलांवरच्या माणसाला का द्यायची, असे घरातल्यांना वाटले तर ते चूक नाही.

मध्यरात्री छातीत कळ आली तर कॅलिफोर्नियातला मित्र धावून येणार नाही. येईल तो समोरच्या फ्लॅटमधला, ज्याचे आडनाव आपण फक्त पाटीवर वाचले आहे. शिवाय दूरच्यांशी बोलण्यात हॉस्टेलचा तोच किस्सा विसाव्यांदा उगाळला जातो. जुन्या मैत्रीच्या आडोशाने नवी माणसे जोडण्याचा आळसही झाकता येतो.

तरीही हिशेब इथेच संपत नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासाचा अंदाज असा की, नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सहवास लागतो आणि जिवलग व्हायला २०० तासांहून अधिक. पन्नाशीत एवढे तास आणायचे कुठून? विशीत ते कट्ट्यावर नकळत खर्च झाले. मुरलेले लोणचे रोज ढवळावे लागत नाही. फोडींवर तेल आहे ना, एवढे पाहावे लागते. शिवाय आपल्या आईच्या हातचे थालीपीठ खाल्लेला मित्र नव्याने मिळवता येत नाही.

अंतर ही मैत्रीची अडचण असतेच असे नाही. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींना सुनीता देशपांडे यांनी लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’मध्ये वाचायला मिळतात. तो स्नेह मुख्यतः टपालाने चालला. खरी अडचण वेगळीच आहे. एसटीडी बूथवर मीटरचे आकडे पळत असत, म्हणून मोजके आणि मोलाचे बोलले जाई. आता बोलणे जवळजवळ फुकट आहे. कधीही करता येईल म्हणून फोन करायचाच राहतो आणि वाढदिवसाला केकचे चित्र पाठवून भागवले जाते. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांच्या २०२१ मधील प्रयोगांत दिसले, की फोनवर अवघडल्यासारखे होईल ही भीती फोल ठरते आणि लिहिण्यापेक्षा आवाजाने जवळीक अधिक वाढते.

तेव्हा वाटणी करावी. महिन्याचा एक रविवार दूरच्यांना, तोही दोन-तीन माणसांना आणि फोनवर. बाकीचे घराला आणि शेजाराला. ग्रुपमधल्या पन्नास जणांना हात दाखवत बसण्यापेक्षा हे बरे. हॉस्टेलचा किस्सा एकदा हसून झाला की आजचे विचारावे: झोप लागते का, काम कसे चालले आहे, ‘तुझ्या शेजारी कोण राहतं रे?’ आणि तिकडून तोच प्रश्न आला, तर पाटीवरच्या आडनावाच्या पुढचे काही आपल्याला सांगता यावे.