समाजमंदिराची किल्ली कोणाकडे?

युरोपात उपासकांची संख्या घटली तशी अनेक चर्चे ओस पडली. त्यांतील काहींना समाजाने नवे काम दिले. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील जुन्या डॉमिनिकन चर्चमध्ये २००६ साली पुस्तकांचे दुकान उघडले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हाच प्रश्न समाजमंदिरांचा आहे.

ठक्करबाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजनेतून आणि आमदारनिधीतून गावोगावी समाजमंदिरे उभी राहिली. त्यांपैकी कित्येकांचे कुलूप एरवी निघत नाही. दोष विटा-सिमेंटचा नव्हे. जागा, नकाशा आणि ठेकेदार वरून ठरले; गावाच्या वाट्याला आली ती केवळ कोनशिला.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने याउलट मार्ग दाखविला. १९८० नंतरच्या दशकात गावकऱ्यांनी जंगलातील सागाच्या लाकडाने स्वतःचे गोटुल बांधले. वनखात्याने ते मोडले, तेव्हा आसपासची गावेही आपापली गोटुले उभारण्यास पुढे सरसावली. याच मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूविक्रीचा अधिकारही. गोटुल टिकले, कारण ते कोणी बहाल केलेले नव्हते.

आज वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा तेंदूपाने व बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. हिशेबाला, मजुरीवाटपाला जागा हवी. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये वेचली जातात. कोरडी साठवण नसल्याने गरीब कुटुंब ती लगेच पडत्या भावाने विकते. पुढे चढलेल्या भावाचा लाभ व्यापारी घेतो. गावातील रिकामी पक्की इमारत हे या शोषणावरचे एक साधे उत्तर होय.

गोदाम झाले की सभेला जागा उरणार नाही, मूठभर लोक ताबा घेतील, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. म्हणूनच वापर, वेळापत्रक आणि किल्ली या तिन्ही गोष्टी ग्रामसभेच्या ठरावाने ठराव्यात; त्या ठरावात स्त्रियांचा आवाज असावा, कारण मोह वेचणारे हात बहुतांशी त्यांचेच.

१९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. जी सभा जंगल सांभाळते, तिच्या हाती चार भिंतींची किल्ली देण्यास अडचण कसली? कार्यकर्त्यांनी नव्या इमारतीची मागणी करण्यापूर्वी जुन्या इमारतीच्या कुलपाचा विषय ग्रामसभेपुढे मांडावा.