डावें चाक

आमच्या घरांत चौदा माणसें आहेत आणि एक मोटार. मोटार १९५४ सालची मॉरिस मायनर. आमच्या वकील काकांनीं १९६२ सालीं जुनी म्हणून ती विकत घेतली. तिच्या पुढच्या कांचेचे दोन भाग आहेत, आणि वळतांना दारामागच्या खांबांतून दिव्याचा एक लहानसा हात बाहेर येतो. घरांतील दोन पिढ्यांच्या वराती तिच्यांतून निघाल्या. असें असूनहि आम्हीं तिची यथास्थित उपेक्षा केली, हें वाचकांपाशीं कबूल करणें भाग आहे.

तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत काकू व आमची नात देवदर्शनास निघाल्या असतां, वाड्याच्या दरवाज्यांतून वळतांना पुढचें डावें चाक आडवें पडलें व गाडी गुडघा टेकल्यासारखी बसली. वेग माणसाच्या चालीइतका होता, म्हणून कोणास इजा झाली नाहीं. हेंच कात्रजच्या घाटांत घडतें तर, हें त्या रात्रीं कोणीं बोलून दाखविलें नाहीं; पानें मात्र लवकर उचललीं गेलीं.

कारण साधें होतें. या गाडींत पुढच्या चाकाचा उभा खांब आटे पाडलेल्या एका ठोकळ्यांत फिरतो. त्यास ट्रनियन म्हणतात. त्यास वेळच्या वेळीं ग्रीस मिळालें नाहीं तर आटे आंतल्या आंत झिजतात, बाहेरून कांहीं दिसत नाहीं, आणि एके दिवशीं खांब ठोकळ्यांतून निसटतो. आमच्याकडे शेवटचें ग्रीस गेल्या दिवाळीस भरलें कीं त्याच्या आदल्या, याविषयीं एकवाक्यता झाली नाहीं.

मग शोध सुरू झाला. पुण्याचा जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरतो. तेथें पुतण्याबरोबर कित्येक फेऱ्या झाल्या. मुंबईस चोरबाजारांतील मटन स्ट्रीट पालथी घातली. दिव्याचें एक कडें मिळालें, आणि आमच्या गाडीचें नसलेलें एक सुरेख घड्याळहि मोहानें घरीं आलें. ठोकळा मिळाला नाहीं. अखेर इंग्लंडास लिहिलें. ही गाडी १९४८ सालीं निघाली व एकंदर तेरा लाखांहून अधिक खपली. जपणारे तेथें पुष्कळ असल्यामुळें तिचे कित्येक भाग आजहि नवे घडविले जातात.

मागणी आम्हीं स्वहस्तें लिहिली. ठोकळा आला, जकात भरली, आणि तो बसेना, आटे उलटे. डाव्या व उजव्या चाकाचे आटे परस्परविरुद्ध असतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. विकणाऱ्याचा दोष नव्हताच. आम्हीं गाडीच्या तोंडासमोर उभे राहून डावी बाजू ठरविली होती. मोटारीची डावी बाजू चालकाच्या आसनावर बसून ठरवावयाची असते. चौतीस वर्षें मुलांस दिशा शिकविल्यावर ही चूक घडली. पुतण्या हंसला नाहीं, हा त्याचा विनय.

दुसऱ्या ठोकळ्याची वाट पाहत असतां त्यानें निराळाच बेत मांडला. म्हणाला, "काका, एवढा खर्च होतोच आहे, तर मोठें इंजिन, पांच गतींची पेटी आणि डिस्क ब्रेक घालूं." आम्हीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम दाखविलें, नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत फेरफार त्यानें निषिद्ध आहेत, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच सांगितलें. शिवाय जीर्णोद्धार म्हणजे नवें मंदिर नव्हे, असें थोडें चढ्या आवाजांत बोललों.

त्याचें उत्तर आम्हांस अजून आठवतें. या गाडीचा कर्ता अ‍ॅलेक इसिगोनिस याला नमुना अरुंद वाटला, तेव्हां त्यानें तो मधोमध उभा कापविला व दोन्ही अर्धें दूर सारून गाडी चार इंच रुंद केली. बंपर आधींच तयार झाले होते, तेहि कापून मध्यें तुकडा जोडला. इंजिनाच्या झांकणावरची मधली सपाट पट्टी ही त्याच करवतीची खूण. "म्हणजे कर्त्यानेंच आधीं कापली," पुतण्या म्हणाला. आम्ही निरुत्तर झालों, तरी इंजिनाला संमति दिली नाहीं.

निर्णय काकूंनीं दिला. "इंजिन तुमच्या काकांचेंच राहूं दे, पण थांबेल अशी कर. मला पुन्हां तिच्यांत बसायचें आहे." तेव्हां मधला मार्ग सांपडला. १९६२ नंतरच्या मायनरला कारखान्यानेंच पुढें सात इंचांऐवजीं आठ इंचांचे ब्रेक-ड्रम दिले होते. तेच मागविले. ठोकळे दोन्ही बाजूंचे नवे घातले. तीच वेळ उजव्या चाकावर येण्याची वाट कोण पाहणार?

२०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांतील गाडीची निराळी नोंदणी करतां येते. शुल्क वीस हजार रुपये, आणि मग नित्याच्या कामास ती रस्त्यावर आणतां येत नाहीं. काकूंस दर संकष्टीस देवळांत जावयाचें असतें, म्हणून तो विचार सोडला.

आतां संकष्टीच्या सकाळीं पुतण्या ग्रीसची पिचकारी घेऊन गाडीखालीं जातो, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत काकू स्वतः त्या तारखेस खूण करतात. वळण दाखविणारा डावा हात मात्र बाहेर येतो तो परत जात नाहीं. त्याच्यासाठीं येत्या रविवारीं पुन्हां जुन्या बाजारांत जावयाचें आहे.